इस्त्रीला आलेला ताप

अक्का, तुझी इस्त्री शेवटी मीच साफ केली. तुझा नवरा म्हणून आधी अण्णांनी नखाने खरवडून बघितलं. लेक म्हणून पल्लवीने पुण्याला परत जायच्या आधी ओलं फडकं फिरवून बघितलं. मग दोघांनीही ती होती तशी कपाटावर उभी करून ठेवली. काम कुणाचं, हे कुणी बोललं नाही. आपल्या घरात कामं अशीच न बोलता तुझ्या नाहीतर माझ्या अंगावर यायची. आता तू नाहीस.

चारचौघांत मी तुला ‘तुम्ही’ म्हणायचे. थोरली जाऊ, म्हणावंच लागतं. पण लग्न होऊन मी नवीन आले होते तेव्हाच, चुलीपुढे भाकरी थापता थापता तू म्हणालीस, “तुमी तुमी करून मला म्हातारी करायलीस व्हय?” तेव्हापासून स्वयंपाकघरात तू ‘तू’ झालीस. इथे, या कागदावरही मी तसंच बोलणार आहे. इथे ऐकायला तिसरं कुणी नाही.

तुझ्यामागे माणसं भेटायला आली, तुझ्याबद्दल बरंच बोलली. किती सोसलं, किती शांत होती, सासूची सेवा कशी केली. मी चहा देत ऐकत होते. कुणी ते कुलपाचं बोललं नाही.

अण्णांनी कुलूप आणलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आपल्या सासूच्या, आत्याबाईंच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. आधी नातवंडांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं. गावाकडचं, दुबलगुंडीचं शेत तेवढं जसंच्या तसं राहिलं. नौबादचं हे घर त्यांना परक्याचं वाटायचं. शेतात तुरीची रास उघडी पडलीय, ढोरं तोंड घालतील, असं म्हणत त्या सकाळी निघाल्या आणि हुमनाबादच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून चालताना ओळखीच्या एका रिक्षावाल्याला सापडल्या. संध्याकाळी अण्णांनी दाराला आतून कोयंडा ठोकला, कुलूप घातलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली आणि तुझ्या हातावर ठेवली. गळ्यात असू दे, म्हणजे हरवायची नाही, असं म्हणाले.

स्वतःच्या आईला जपायचं म्हणून एक साधी सोय केली, यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं. ते मी आजही मानते. पण सासूला आत ठेवायचं तर कुणीतरी तिच्यासोबत आत राहायला हवं. अण्णा सकाळी नऊला बाहेर पडायचे. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही, नुसते चौकातल्या हॉटेलात जाऊन बसायचे. आमचे हे शेतीची औषधं विकायला औराद-भालकीकडे फिरतीवर. मी शाळेत. उरलीस तू. घरात कुलूप एकीसाठी आलं आणि दोघी आत अडकल्या.

त्या आतल्या दिवसांत तू शिवण काढलंस. मधल्या खोलीत खिडकीखाली तुझी मशीन आणि पलीकडे घोंगडी घालून केलेली इस्त्रीची जागा. गल्लीतल्या बायका खिडकीच्या गजांतून कापड आत द्यायच्या आणि शिवलेलं तिथूनच घेऊन जायच्या. गळ्याची पट्टी ताठ राहावी म्हणून तू चिकट पाठीचं बक्रम वापरायचीस, इस्त्रीने ते कापडाला बसवायचीस. बक्रमाचा डिंक कडेने बाहेर यायचा आणि इस्त्रीच्या तळाला लागायचा. सकाळी मी घाईत तीच इस्त्री माझ्या साडीवर फिरवायची, आणि नेमका पदरावर तपकिरी ओघळ.

शिवणाची इस्त्री वेगळी घेऊ, असं मी किती वेळा म्हणाले. तू ऐकलं नाहीस. एकदा तर सरळ म्हणालीस, “दुसरी इस्त्री आली की घरात दुकान निघालं म्हणतील. आता म्हणतात, बसल्या बसल्या काहीतरी करायलीय. तेच बरं हाय.” मला राग आला होता. इतक्या बायकांची मापं तुझ्या तोंडपाठ, लग्नसराईत रात्रंदिवस मशीन चालायची, आणि त्या सगळ्याला तू ‘बसल्या बसल्या काहीतरी’ म्हणवून घेत होतीस. तुझं म्हणणं मला आता थोडं कळतं. धंदा म्हटला असता तर घरात पुढचा प्रश्न निघाला असता. प्रश्न न निघू देण्यातच तुझी जागा शाबूत होती.

डिंक काढायची तुझी पद्धत मात्र मला फार आवडायची. इस्त्री चांगली तापू द्यायची, बटण बंद करायचं, मग तापाची गोळी चिमट्यात धरून तळावर घासायची. गोळी वितळून फेसासारखी व्हायची आणि डिंक सोडवून घ्यायची. लगेच जाड सुती फडक्याने पुसलं की तळ लख्ख. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसले. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, “हिला ताप आलाय. हिला पण गोळी लागते.” आणि थोडं थांबून, फडकं झटकत, “हिला द्यायला मी हाव. मला कोण देतंय?” आपण दोघी हसलो. आत्याबाईही हसल्या, काय झालं ते न कळता.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. समोरच्या नसीमआपाच्या घराच्या खाली रस्त्याच्या बाजूला एक शटरची खोली रिकामी होती. आपा स्वतः खिडकीशी येऊन सांगून गेली होती की दुसऱ्या कुणाला देण्याऐवजी शकूबाईला, म्हणजे तुला, देईन. मी तुझ्यामागे लागले. दुपारचं आत्याबाईंजवळ बसायला एखादी बाई ठेवू, अण्णा आता निवृत्त झालेत, ते बसतील, शनिवार-रविवार मी आहे. तू प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हणायचीस. त्या शेवटच्या संध्याकाळी मी भांडी विसळत होते, तू दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत होतीस. मी म्हणाले, मी रोज बाहेर जाते ती तुझ्या जिवावर, हे मला बरं वाटत नाही. तू मान वर न करता म्हणालीस,

“मग काय दोघी आत बसू? तू नोकरी सोडू नको म्हंजे झालं. एकीनं तरी भायेर जावं.”

मी म्हणाले, हे काही उत्तर नव्हे. तू म्हणालीस, चुलीवरच्या भाजीत मीठ घाल, मी घातलं नाही. तेवढ्यात माझी पोरं जेवायला आली. उद्या पुन्हा बोलू असं मी मनात ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसीमआपा तिच्या लेकीचा ड्रेस न्यायला खिडकीशी आली. तिला तू जमिनीवर आडवी दिसलीस. शेजारी आत्याबाई बसलेल्या. आपाने हाक मारली तर आत्याबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नंतर आपाने मला सांगितलं, “अम्मा बोल री, बहू सोई है, आवाज नक्को करो.” कधी नव्हे ते आत्याबाई तिच्याशी तिच्या बोलीत बोलल्या होत्या. आपाने दार वाजवलं, मग ओरडून गल्ली गोळा केली. कुलूप आतून आणि किल्ली तुझ्या गळ्यात. अण्णांना चौकातून बोलावून आणलं. त्यांनीच स्वतःच्या हाताने ठोकलेला कोयंडा पहारीने उचकटला.

मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, एका क्षणात. दार उघडं असतं तरी काही झालं नसतं, असंही म्हणाले. ते वाक्य अण्णांनी नंतर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. मी त्यांना कधी अडवलं नाही. त्यांना ते धरून राहायचं असेल तर राहू दे.

दोन गोष्टी मात्र मी डोळ्यांनी बघितल्या, त्या तुला सांगायला हव्यात. आत्याबाईंनी तुझ्या डोक्याखाली त्यांची उशी सरकवली होती आणि शिवायला आलेलं एक हिरवं कापड, न कापलेलं, तुझ्या अंगावर पायांपर्यंत नीट पांघरलं होतं. आणि तुझ्या गळ्यातली किल्ली बाहेर येऊन छातीवर पडली होती. रोज ज्या किल्लीसाठी त्या तुझा पदर ओढायच्या, दाराला डोकं लावून रडायच्या, ती त्यांच्या हाताशी होती. त्यांनी तिला हात लावला नव्हता.

इस्त्री चालूच होती. तू पट्टी दाबत असताना पडलीस. इस्त्री त्या पट्टीवर आडवी राहिली, तापत राहिली. कापड जळून काळं झालं, बक्रमाचा डिंक तळाला भाजून बसला. कुणीतरी बटण बंद केलं आणि ती कपाटावर ठेवली, जळलेल्या पट्टीसकट.

तुझ्यामागे घरी पुण्यानुमोदनाचा, बुद्धवंदनेचा कार्यक्रम ठेवला त्या सकाळी अण्णांनी पांढरा शर्ट काढला. मला सांगितलं नाही, स्वतःच इस्त्री लावली. थोड्या वेळाने ते दारात शर्ट हातात घेऊन उभे. छातीवर काळा-तपकिरी पट्टा, बोटभर रुंद. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, “सुजाता, त्या इस्त्रीचं काहीतरी कर,” आणि दुसरा, चुरगळलेला शर्ट घालून वंदनेला बसले.

त्याच संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. कोयंडा नवीन बसवून झाला होता. दोरा तोच होता, तुझ्या मानेच्या घामाने मऊ झालेला. माझे हे तिथेच बसले होते, बुटांची नाडी सोडत.  मी दोरा गळ्यात घातला. दुसऱ्या दिवसापासून मी रजेवर. शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सहानुभूतीनेच विचारलं, पण अतिथी शिक्षिकेची, म्हणजे हंगामी, जागा किती दिवस रिकामी राहणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग ते दिवस सुरू झाले, अक्का, जे तू कधी मला सांगितले नाहीस. सकाळी सगळे गेले की कुलूप लावायचं. आत्याबाई दाराशी, मी त्यांच्यामागे. दुबलगुंडीला जायचंय. जाऊ, दुपारी जाऊ. आता जायचंय. बस नाही आता. किल्ली दे. त्या गळ्याला हात घालायच्या, दोरा मानेत रुतायचा. मग त्या दमून भिंतीला टेकायच्या, मी त्यांच्यासमोर. खिडकीतून गल्ली दिसायची, भाजीवाला, कुणाची तरी गाडी, नसीमआपाच्या खालची बंद शटर. दुपार इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी बघितलं की मीही खिडकीचे गज धरून उभी राहते, तुझ्यासारखी, उजव्या हाताने, नेमका तोच गज. तो एक गज बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झालाय.

अशाच एका दुपारी मी इस्त्री खाली काढली.

जळलेली पट्टी आधी लाकडी उलथण्याने सोडवली. तिला गळ्याचा अर्धगोल होता, तो हातात मोडला. मग कागदावर मीठ पसरून गरम इस्त्री फिरवून बघितली, कारण तुझ्या गोळीची गोष्ट मला करवत नव्हती. मिठाने वरचा थर गेला, डिंक तसाच. खोलीत तो वास भरला, तापलेल्या बक्रमाचा, तुझ्या दुपारचा. आत्याबाईंनी मान वर केली.

शेवटी मी गोळ्या शोधायला तुझा मशीनचा खण उघडला. रिळं, खडू, बटणं आणि त्यांच्याखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं. एकात एक दुमडून ठेवलेली, कुणाला खुळखुळ ऐकू येऊ नये अशी. बरीच होती. मी ती मांडीवर घेऊन बसले. इस्त्रीला एका वेळी एक गोळी लागते, तीही आठ-पंधरा दिवसांनी. मग उरलेल्या? डावा खांदा दुखतो, मशीन चालवून दुखतो, असं तू मधे म्हणायचीस आणि आपण सगळे हो म्हणायचो. दवाखान्यात जायचं म्हणजे दार उघडून जायचं, कुणाला तरी आत बसवून जायचं. मी खूप आठवून बघितलं, तू आम्हाला कुणाला तसं बसायला सांगितल्याचं आठवत नाही. कोणत्या गोळ्या इस्त्रीला गेल्या आणि कोणत्या तुला, हे मला आता कधीच कळणार नाही. यावर तुझ्याशी भांडायचं होतं. ‘मला कोण देतंय’ म्हणालीस तेव्हा आपण हसलो होतो ना, अक्का.

एका पाकिटात दोन गोळ्या शिल्लक होत्या. मी इस्त्री तापवली, बटण बंद केलं, चिमट्यात गोळी धरली. तळावर टेकवताच ती फेसाळली आणि डिंक पिवळा होऊन वाहू लागला. पुसला. पुन्हा तापवली. दुसरी गोळी. हाताला चटका बसला, तरी मी पुसत राहिले. तळ उजळत गेला तसं मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटत होतं की तू या घरात जे शेवटचं केलंस तेच मी पुसून टाकतेय, आणि तेही कुणाच्या तरी शर्टासाठी.

तेव्हा आत्याबाई सरकत जवळ आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “शकू, माझं लुगडं कवा व्हायचं?”

मी म्हणाले, मी सुजाता. त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा, शकू, माझं लुगडं. त्या तुझी वाट बघत नव्हत्या, अक्का. त्यांच्या लेखी तू गेलीच नव्हतीस. खिडकीखाली एक बाई बसलेली आहे, तिच्या गळ्यात किल्ली आहे, तिच्या हातात इस्त्री आहे, म्हणजे ती शकू. मी त्यांचं तोंड बघत राहिले. अण्णांनी मला किल्ली दिली तेव्हा जे कळलं नव्हतं ते त्या एका हाकेने कळलं. मी होकार दिला असता तर त्या शांत झाल्या असत्या. अगदी तोंडापर्यंत आलं होतं.

“शकू गेली, आत्याबाई,” मी म्हणाले. “मी सुजाता. लुगडं देते करून.”

त्यांचं लुगडं मी इस्त्री करून दिलं. मग माझी शाळेची निळी साडी काढली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली. एकही डाग पडला नाही.

जेवताना मी सांगितलं की सोमवारपासून शाळेत जाणार. अण्णांनी घास हातात धरला. यांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णा म्हणाले, आईचं काय? मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पहिल्यांदा मी काही तोड न काढता नुसतं ‘माहीत नाही’ म्हणाले आणि ताटातलं संपवलं. 

सोमवारी मी किल्ली अण्णांच्या चहाच्या कपाजवळ ठेवली आणि बस गाठली. सुटल्यासारखं वाटलं असं तुला खोटं सांगत नाही. बसमध्ये मानेवर तो दोरा जाणवत होता, नसताना. वर्गात फळ्याकडे वळले की मागे कुणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. मधल्या सुट्टीत अण्णांचा फोन आला. मागे आत्याबाईंचा आवाज आणि दारावर पडणारे हात मला तिथवर ऐकू येत होते.

“आई ऐकना गेलीय,” ते म्हणाले. “पल्लूची आई काय करायची अशा वक्ताला?”

 सुट्टी सोडली तर दुपारी मी घरात नसायचे, आणि ते असायचे चौकात. तू काय करायचीस हे या जगात फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक तू, आणि दुसरी दार वाजवत होती.

“मला ठाऊक न्हाई अण्णा. दार उघडा आणि त्यांच्या संगं चाला.”

“आन् परतली न्हाई तर?”

“मग तुमी संगं हाव की.”

घंटा झाली. मी वर्गात गेले. तो तास कसा घेतला ते विचारू नकोस.

घरी आले तर अण्णा मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले, पाय धुळीने भरलेले. आत्याबाई आत गाढ झोपल्या होत्या. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते बोलू लागले. नौबादच्या पार बाहेर, शेतं लागतात तिथपर्यंत गेले होते. आई पुढे, अण्णा मागे. एका पुलावर ती बसली, केळं खाल्लं, आणि त्यांना विचारलं, तू कुणाचा रे? अण्णा म्हणाले, तुझाच. तर म्हणाली, माझा पोरगा अजून लहान आहे. एवढं सांगून अण्णांनी पायांची धूळ झटकली. मग म्हणाले, “पल्लूची आई रोज…” आणि पुढचं वाक्य त्यांना करता आलं नाही. त्यांनी डोळे पुसले नाहीत, तोंड भिंतीकडे केलं. तुझ्यासाठी ते तेव्हा रडले, अक्का. पुण्यानुमोदनाला नव्हते रडले.

तेवढ्यात हेही फिरतीवरून आले आणि दारातच उभे राहिले. अण्णांनी गळ्यातून दोरा काढला. माझा हात सवयीने पुढे झाला होता. त्यांनी किल्ली दिली नाही. मुठीत धरून आधी माझ्याकडे, मग धाकट्या भावाकडे बघितलं आणि विचारलं, “उद्या कोण?”

एवढ्या वर्षांत हे दोन शब्द या घरात कुणी उच्चारले नव्हते. तू होतीस म्हणून विचारायची गरजच पडली नव्हती. तुझ्या कानावर ते एकदा तरी पडायला हवे होते.

मी हात मागे घेतला. अण्णांनी किल्ली सतरंजीवर ठेवली. हे लिहितेय तेव्हाही तिघं त्याच खोलीत आहोत, किल्ली मधे सतरंजीवर पडली आहे, आणि दार आतून बंद आहे.